शेवटच्या रात्रीचा अभ्यास प्रकल्पाला का पुरत नाही

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. अर्थशास्त्रात एम.ए.चे दुसरे वर्ष चालू आहे. गावाकडच्या बचत गटांच्या कर्जव्यवहारावरचा संशोधन प्रकल्प चौथ्या सत्राच्या अखेरीस सादर करायचा आहे. प्रश्नावल्या दिवाळीच्या सुट्टीतच भरून झाल्या, पण तेव्हापासून त्या गठ्ठ्याला हात लागलेला नाही. शाळेपासून तुम्ही शेवटच्या आठवड्यात अभ्यास करून पहिला वर्ग मिळवत आलात, त्यामुळे दडपण आल्याशिवाय आपल्याला सुचतच नाही, अशी तुमची धारणा झाली आहे. घरच्यांच्या मते हा निव्वळ आळस आहे. मार्गदर्शक मॅडमचा फोन वाजला की उचलायचे धाडस होत नाही, आणि आता हे सत्र सोडून पुढच्या वर्षी प्रकल्प द्यावा की काय, हा विचार मनात घोळतो आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचे काम मी बरीच वर्षे करते आहे आणि माघ-फाल्गुनाच्या सुमारास नेमक्या याच तक्रारी घेऊन मुले-मुली येतात. त्यांपैकी बहुतेकांजवळ वेळापत्रक असते, काहींजवळ तर तीन-चार असतात. म्हणून वेळेच्या नियोजनाबद्दल मी आधी काही सांगणार नाही. गठ्ठा पिशवीतून बाहेर काढल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात काय घडते, तिथून सुरुवात करू.

वरचीच प्रश्नावली घ्या. मासिक उत्पन्नाचा रकाना रिकामा आहे, कारण त्या बाईंनी 'सांगता येत नाही' असे म्हटले होते. दुसरीत कर्जाचे कारण 'घरखर्च' असे लिहिले आहे आणि तुम्ही केलेल्या वर्गीकरणात शेती, व्यवसाय, शिक्षण, आजारपण एवढेच पर्याय आहेत. तिसरीत एकाच बाईंनी दोन गटांतून कर्ज घेतल्याचे दिसते, तेव्हा ती नोंद एक धरायची की दोन, हा प्रश्न येतो. हे मॅडमना विचारायला हवे, पण विचारले तर इतके दिवस काय करत होतीस, असे त्या म्हणतील. इथवर पोहोचेपर्यंत पोटात गोळा आलेला असतो आणि तो घालवण्याचा सर्वांत जलद उपाय म्हणजे गठ्ठा पुन्हा पिशवीत सरकवणे. तो सरकवला की खरोखर हायसे वाटते. हे हायसे वाटणे हेच चालढकलीचे बक्षीस आहे, आणि ज्या कृतीनंतर लगेच बक्षीस मिळते ती कृती माणूस पुन्हा करतो. फ्युशिया सिरवा आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये चालढकलीची मांडणी याच अंगाने केली: माणूस कामापासून पळतो तो त्या कामाने मनात उठवलेल्या त्रासापासून तात्पुरती सुटका मिळवण्यासाठी, आणि त्या सुटकेची किंमत पुढच्या महिन्यातल्या स्वतःवर टाकतो.

घरचे ज्याला आळस म्हणतात त्यात आणि यात फरक आहे. आळशी माणूस काम टाळून निवांत असतो. तुम्ही निवांत नाही. तुम्हीच लिहिले आहे की या काळात वसतिगृहाची खोली तीनदा आवरली, मैत्रिणीच्या सेमिनारची सगळी सादरीकरणे करून दिली आणि प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर विद्यापीठाचे बोधचिन्ह नेमके कुठे बसवायचे यात एक संध्याकाळ घालवली. कष्टांची तयारी भरपूर आहे. फक्त जिथे मनाला बोचते तिथे ती थांबते. लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील विद्यार्थ्यांची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत सुमारे ४६ टक्के विद्यार्थ्यांनी सत्रलेख लिहिणे आपण नेहमी किंवा जवळजवळ नेहमी पुढे ढकलतो असे सांगितले होते. परीक्षेच्या अभ्यासाबाबत मात्र हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. मला ही तफावत फार बोलकी वाटते. परीक्षेत काय विचारतील याचा अंदाज असतो, अभ्यासक्रमाला हद्द असते. लेखनाच्या कामात 'पुरे झाले' हे ठरवणारे कोणी समोर नसते. त्यांनी कारणे विचारली तेव्हा पुढे आलेल्या प्रमुख गोष्टी दोन होत्या: अपयशाची भीती आणि कामाचा मनस्वी कंटाळा.

आता दडपणाखाली चांगले काम होते या समजुतीकडे येते, कारण तुमच्या प्रकल्पाला खरा धोका तिचाच आहे. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. आपल्याकडच्या लेखी परीक्षांची घडण अशी आहे की मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळल्या, अपेक्षित प्रश्नांची यादी मिळाली आणि रात्री जागून पाठ केले तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागदावर उतरवता येते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात हेच एका बाजूने दिसले: मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते, पण आठवड्याने तपासले तेव्हा ज्यांनी वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिण्याचा सराव केला होता ते पुढे गेले. तुमची पदवीची परीक्षा बहुतांशी पाच मिनिटांनंतरचीच तपासणी होती, म्हणून तुमची पद्धत चालून गेली. आणि ती चालली म्हणून आपला स्वभावच तसा आहे, असा निष्कर्ष तुम्ही काढला.

प्रकल्पाचे तसे नाही, कारण त्यात तुमच्या हातात नसलेले टप्पे पुष्कळ आहेत. मॅडमना एक प्रकरण वाचायला किमान आठवडा लागेल, आणि मार्चमध्ये त्यांच्याकडे तुमच्यासारखी आणखी सात-आठ मुले असतील. तक्ते एकदा चुकीच्या वर्गवारीने केले तर सगळे पुन्हा करावे लागतील. साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल हवा, विभागप्रमुखांची सही हवी, बाइंडिंगवाल्याकडे त्या आठवड्यात अख्ख्या विद्यापीठाची रांग असते. शेवटच्या चार रात्री तुम्ही अजिबात झोपला नाहीत तरी या गोष्टी वेगाने होणार नाहीत. त्या चार रात्रींत मागच्या वर्षीच्या एखाद्या प्रकल्पातला संदर्भसाहित्याचा आढावा उचलण्याचा मोह होतो, हेही मी पाहिले आहे; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांहून अधिक आणि ४० टक्क्यांपर्यंत साम्य निघाले तर प्रबंधिका दुरुस्त करून पुन्हा द्यावी लागते, म्हणजे वाचवलेला वेळ व्याजासह परत जातो.

आपण किती दिवसांत काम संपवू याचा आपला अंदाज किती लंगडा असतो, हे रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांकडूनच तपासून घेतले. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता. सगळे काही जितके बिघडू शकेल तितके बिघडले तर किती लागतील, असे विचारल्यावर त्यांनी सरासरी ४९ च्या आसपास दिवस सांगितले. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. म्हणजे सर्वांत निराशावादी अंदाजही वास्तवापेक्षा आशावादी निघाला. तुमच्या मनात 'तीन आठवड्यांत होईल' असा जो आकडा आहे, तो मी तरी धरून चालणार नाही.

डायॅन टाइस आणि रॉय बाउमायस्टर यांनी १९९७ मध्ये एका विद्यापीठातील आरोग्य मानसशास्त्राच्या वर्गावर केलेला अभ्यास या चर्चेत मला सर्वांत उपयोगी वाटतो. सत्राच्या सुरुवातीला चालढकल करणारे विद्यार्थी इतरांपेक्षा कमी ताणात होते आणि कमी आजारी पडत होते. सुटका खरी असते, हे इथे मान्य करायला हवे. सत्र संपत आले तेव्हा मात्र चित्र पालटले: त्यांचा ताण आणि दुखणी इतरांपेक्षा जास्त झाली, दोन्ही काळांची बेरीज केली तरी तोटाच निघाला आणि गुणही कमी पडले. तुमची डोकेदुखी आणि पित्त जानेवारीनंतरच का वाढले, याचे उत्तर बहुधा इथे आहे.

गुणांच्या बाबतीत मात्र अतिशयोक्ती करू नये. २०१५ मध्ये किम आणि सिओ यांनी ३३ अभ्यास एकत्र करून, म्हणजे ३८ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून, चालढकल आणि शैक्षणिक यश यांतला संबंध मोजला. तो उलटा निघाला, पण सौम्य होता. चालढकल करणारा प्रत्येक जण नापास होत नाही आणि वेळेवर काम करणारा प्रत्येक जण पहिला येत नाही. म्हणून 'असेच चालले तर आयुष्याचे वाटोळे होईल' या घरच्या वाक्याला मी फार वजन देणार नाही. भीती घालून चालढकल थांबत नाही, कारण मूळ दुखणेच भीतीचे आहे. मला चिंता वाटते ती एकाच प्रकारच्या कामांची: जी लांबलचक आहेत, ज्यांत मधे कोणी विचारत नाही आणि ज्यांत दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागते. एम.ए.चा प्रकल्प तसा आहे, पीएच.डी. त्याहून अधिक तशी असते.

यात संस्थांचाही वाटा आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या माथी मारला जातो हे मला पटत नाही. सूचनाफलकावर सबमिशनची तारीख लागते, मग आठवड्याची मुदतवाढ मिळते, मग विलंब शुल्कासह आणखी एक. पहिल्या वर्षातली मुले दोन सत्रांत शिकतात की फलकावरची पहिली तारीख ही तारीखच नव्हे. अंतर्गत गुणांची जर्नल्स शेवटच्या दोन दिवसांत वर्गभर फिरून एका हस्ताक्षरातून दुसऱ्यात उतरतात आणि सगळ्यांना सारखेच गुण पडतात. अशा वातावरणात वेळेवर काम करणारा विद्यार्थी भोळा ठरतो. तुमच्या मॅडमनी प्रकरणागणिक तारखा दिल्या असत्या आणि त्या पाळून घेतल्या असत्या, तर निदान दुसरे प्रकरण आज झालेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या देत नसतील तर तुम्ही मागून घ्या. त्याकडे पुढे येते.

ताणाला सामोरे जाण्याच्या रीतींचा विचार करताना रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये केलेला भेद आजही उपयोगी पडतो. काही प्रयत्न प्रश्नालाच हात घालतात: माहिती काढणे, विचारणे, कामाचे तुकडे पाडणे. काही प्रयत्न प्रश्नामुळे उठलेल्या भावनेला आवरतात: कोणाशी बोलणे, मन दुसरीकडे वळवणे, सोडून देणे. दुसऱ्या प्रकाराला सरसकट नावे ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते बरोबर नाही. पेपर देऊन झाला आहे आणि निकाल लागायचा आहे, अशा वेळी मैत्रिणींबरोबर सिंहगडावर जाणे हाच शहाणपणाचा उपाय आहे. अडचण येते ती परिस्थिती हातात असतानाही फक्त भावनेवरचा उपाय चालू राहतो तेव्हा. आणि उलटेही खरे आहे: पोटातला गोळा तसाच ठेवून नुसते कामाचे तुकडे पाडले तर ते तुकडेही पिशवीतच राहतात. दोन्ही लागतात, आणि तुमच्या बाबतीत भावनेचा उपाय आधी.

तो उपाय मॅडमना संदेश पाठवण्याचा आहे. तुमच्या मनावरचे सगळ्यात मोठे ओझे गठ्ठ्याचे नसून न उचललेल्या फोनांचे आहे, आणि ते रोज वाढते, कारण जितका उशीर तितके स्पष्टीकरण मोठे द्यावे लागेल असे वाटते. स्पष्टीकरण देऊच नका. आजारपण, नेटवर्क, घरचे लग्न यांतले काहीही लिहू नका, कारण एक सबब सांभाळायला दुसरी लागते. मी विद्यार्थ्यांना साधारण असा मजकूर सुचवते: 'नमस्कार मॅडम. प्रश्नावल्या भरून झाल्या आहेत, पण विश्लेषणाचे काम माझ्याकडून थांबले होते आणि मी आपले फोन घेतले नाहीत, त्याबद्दल क्षमस्व. उत्पन्नाचा रकाना रिकामा असलेल्या नोंदींचे काय करावे आणि दोन गटांतून घेतलेले कर्ज कसे मोजावे, या दोन प्रश्नांवर मी अडले आहे. या आठवड्यात भेटीसाठी पंधरा मिनिटे मिळतील का? पुढच्या टप्प्यांच्या तारखाही आपण ठरवून दिल्यात तर मला मदत होईल.' मार्गदर्शक चिडतात ते बहुधा मूल गायब झाल्यामुळे; दोन नेमके प्रश्न घेऊन आलेल्या विद्यार्थ्यावर चिडून राहणारे मी फार थोडे पाहिले आहेत.

याबरोबरच गेलेल्या तीन महिन्यांवरून स्वतःला बोल लावणे थांबवायला हवे. हे लाड करण्यासाठी सांगत नाही. मायकेल वोल, टिमोथी पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी कॅनडातील एका विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या चाचणीचा अभ्यास पुढे ढकलल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांनी पुढच्या चाचणीच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःची खरडपट्टी काढत राहिले की त्या कामाशी जोडलेली बोचणी आणखी तीव्र होते, आणि बोचणी हेच पळण्याचे कारण आहे.

मग गठ्ठा. 'उद्यापासून रोज चार तास' असा संकल्प करू नका. पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनाचा गाभा असा आहे की काय करायचे याइतकेच कधी, कुठे आणि कशानंतर करायचे हे आधी ठरवलेले असले तर काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. त्यांच्या १९९७ मधील एका अभ्यासात विद्यार्थ्यांना नाताळच्या संध्येबद्दलचे टिपण दोन दिवसांत लिहून पाठवायचे होते. ज्यांनी लिहिण्याची जागा आणि वेळ आधी नेमकी ठरवली त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी ते वेळेत दिले, बाकीच्यांतील सुमारे एक तृतीयांशांनीच. तुमच्यासाठी वाक्य असे असेल: 'मेसमधून दुपारचे जेवण करून आले की फोन मैत्रिणीच्या कपाटात ठेवून अभ्यासिकेत जाईन आणि दहा प्रश्नावल्या एक्सेलमध्ये भरीन.' जिथे अडाल तिथे रकान्यात ९९ लिहा (ही फक्त 'नंतर ठरवायचे' याची खूण), शेजारी पिवळा रंग द्या आणि पुढची प्रश्नावली घ्या. निर्णय घ्यायची गरज त्या तासात ठेवायचीच नाही, कारण प्रत्येक निर्णय ही पळण्याची एक वाट असते. पिवळे रकाने घेऊन मॅडमकडे जायचे. दहाऐवजी सहाच झाल्या तर सहा. दुसऱ्या दिवशी चौदा करून भरपाई करायची नाही, पुन्हा दहाच. भरपाईच्या हिशेबाने वेळापत्रके मोडतात.

लेखनाचे प्रकरण सुरू झाले की आदल्या दिवशीचे शेवटचे वाक्य अर्धवट सोडून उठत जा. कोऱ्या पानापेक्षा अर्धे वाक्य पुरे करणे सोपे जाते. रंगीत वेळापत्रके, नवे अ‍ॅप, रात्री बघायचे प्रेरणादायी व्हिडिओ यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. त्यांनी काम केल्यासारखे वाटते आणि तेवढ्यापुरते हायसेही वाटते, म्हणजे ती चालढकलीचीच सभ्य रूपे होतात.

'मला सगळे अचूकच लागते म्हणून उशीर होतो', असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे, पण पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये शेकडो निष्कर्षांचा जो एकत्रित आढावा घेतला, त्यात अचूकतेचा हट्ट आणि चालढकल यांचा फारसा संबंध आढळला नाही. नंतरच्या संशोधनाने त्यात एक भेद केला: उंच ध्येय ठेवणारे उलट कमी चालढकल करतात, चुकलो तर लोक काय म्हणतील या धास्तीत राहणारे जास्त करतात. तुमचे पत्र वाचून मला दुसरी गोष्ट अधिक खरी वाटते.

एक गोष्ट मात्र तपासून पाहा. हा टाळाटाळीचा प्रकार फक्त प्रकल्पापुरता आहे की आवडती कामेही नकोशी झाली आहेत? झोप पहाटे मोडते का, भूक गेली आहे का, मैत्रिणींत बसणे सोडले आहे का? असे दोन आठवड्यांहून अधिक चालले असेल, तर हा विषय माझ्या वरच्या सल्ल्यापुरता राहत नाही आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटायला हवे. लहानपणापासून प्रत्येकच कामात लक्ष टिकत नसेल, वस्तू हरवत असतील, तर तेही त्यांना सांगा. शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला सत्र सोडण्याचा प्रश्न. तुम्ही दिलेल्या माहितीवरून मी सोडू नका असेच म्हणेन. क्षेत्रकार्य पूर्ण आहे, आणि बहुतेकांचे अडते ते तिथेच. पुढच्या वर्षी हाच गठ्ठा तुमच्यासमोर असेल, फक्त तेव्हा सोबतचा वर्ग पांगलेला असेल, वसतिगृहातली खोली गेलेली असेल आणि कोणत्या बाईंनी काय सांगितले होते ते आठवत नसेल. पहिल्या पंधरवड्यात नोंदी एक्सेलमध्ये उतरल्या नाहीत आणि मॅडमशी भेटही झाली नाही, तर मात्र निर्णयाचा फेरविचार करा, आणि तो एकट्याने खोलीत बसून न करता विभागात जाऊन, सत्र वाढवून घेण्याचे नियम आणि शुल्क विचारून करा. घरी सांगताना 'सोडते आहे' किंवा 'सोडत नाही' एवढेच न सांगता मॅडमनी दिलेल्या तारखांचा कागद आईवडिलांना दाखवा. आळसाच्या चर्चेपेक्षा त्या कागदावर बोलणे त्यांनाही सोपे जाईल.